बरोबर कोण आहे?

लॉजच्या काउंटरवर तीन प्रश्न विचारतात. नाव काय, गाव कुठलं आणि बरोबर कोण आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आधार कार्डावर छापलेली असतात, तरी विचारतात. तिसऱ्याचं उत्तर 'कोणी नाही' असं दिलं की मॅनेजरचा चेहरा बदलतो. तो रजिस्टर मिटतो, भिंतीवरच्या किल्ल्यांकडे बघतो आणि म्हणतो, "रूम फुल्ल आहेत, मॅडम." किल्ल्या मागे लटकत असतात. त्या त्यालाही दिसतात आणि मलाही.

हे एखाद्या लॉजबद्दल नाही. सोलापुरात हे होतं तसं मराठवाड्यातही होतं, आणि पुण्या-मुंबईत गोड बोलून होतं. माझं म्हणणं सरळ आहे. ज्या शहरात एकट्या माणसाला पैसे मोजूनसुद्धा रात्री पाठ टेकायला जागा मिळत नाही, त्या शहरानं स्वतःला पाहुणचाराचं शहर म्हणवून घेऊ नये. एकटी बाई असेल तर तिच्या चारित्र्यावर शंका, एकटा पुरुष असेल तर तो आत्महत्या करेल ही भीती, जोडपं असेल तर लग्नाचा पुरावा. मग राहायचं तरी कुणी? बायकोपोरांसह देवदर्शनाला आलेल्या कुटुंबवत्सल माणसानं. त्याची सोय सगळीकडे आहे. मला त्याच्याबद्दल तक्रार नाही.

आधी सोलापूरचंच सांगते. मी इथं उर्दू आणि मराठी शिकवते. आमच्याकडून दहावी होऊन गेलेली एक मुलगी अक्कलकोट तालुक्यातल्या गावात राहते. तिची परीक्षा होती, सकाळी साडेसातला केंद्रावर हजर राहायचं होतं. तिच्या गावाहून पहिली एसटी सोलापूरला पोचते तोवर केंद्राचं गेट बंद झालेलं असतं. म्हणून ती आदल्या संध्याकाळी आली. स्टँडजवळच्या दोन लॉजमध्ये गेली. एका ठिकाणी 'सिंगल लेडीज नाही' म्हणाले. दुसऱ्यानं आधार कार्ड बघितलं आणि म्हणाला, "लोकल आयडी चालत नाही." लोकल कसलं? तिचं गाव सोलापूर जिल्ह्यात आहे एवढंच. रात्री आठ वाजता तिचा फोन आला, "टीचर, स्टँडवर बसू का सकाळपर्यंत?" ती आमच्या घरी झोपली, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन सकाळी पेपरला गेली. पण ज्या मुलीकडे सोलापुरातल्या टीचरचा नंबर नसतो, ती काय करते? ती स्टँडवर बसते. नाहीतर परीक्षेलाच येत नाही. आणि आपण सभेत भाषण ठोकतो की ग्रामीण मुली स्पर्धा परीक्षांत मागे का.

हा 'लोकल आयडी' प्रकार नीट समजून घ्या. लॉजवाल्यांचं तर्कशास्त्र असं, की ज्याचं घर याच गावात किंवा जिल्ह्यात आहे त्याला लॉज कशाला हवा? हवा असेल तर काहीतरी भानगड आहे. म्हणजे नवऱ्यानं मारून घराबाहेर काढलेली बाई भानगड. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आईला दाखल करून रात्री दोन तास आडवं व्हायला जागा शोधणारा मुलगा भानगड. परीक्षेची मुलगी भानगड. सोलापूर जिल्हा काही मुंबईच्या उपनगराएवढा नाही. करमाळ्याहून सोलापूरला येणं म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या वर प्रवास. त्या माणसाला तुम्ही 'लोकल' म्हणता?

रेल्वेच्या विश्रांतिकक्षांचं नाव सांगतात लोक. त्यासाठी रेल्वेचं कन्फर्म किंवा आरएसी तिकीट लागतं, त्याचा पीएनआर टाकल्याशिवाय बुकिंग होत नाही. एसटीनं येणाऱ्यानं काय करावं? मुंबई-सोलापूर वंदे भारत २०२३ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, साडेसहा तासांत पोचवते म्हणून आपण पेढे वाटले. ती रात्री साडेदहाच्या सुमाराला सोलापूरला उतरवते. तिच्यातून एकटी उतरलेली बाई स्टेशनबाहेर आल्यावर कुठं जाते, हा प्रश्न गाडीला हिरवा झेंडा दाखवणाऱ्यांपैकी कुणालाही पडलेला दिसला नाही.

आता लॉजवाल्यांची बाजू. ती मला माहीत आहे, कारण आमच्या नात्यात एकजण हाच धंदा करतात. मी त्यांना मामू म्हणते. ते म्हणतात, "बेटा, पोलीस येतात, रजिस्टर तपासतात. एकट्या माणसानं खोलीत काही करून घेतलं तर पंचनामा आमच्याकडे, बदनामी आमची, महिनाभर गिऱ्हाईक नाही. एकट्या बाईच्या दारावर रात्री कुणी टकटक केली तर जबाब कोण देणार? स्टाफ सगळा पोरांचा." हे खोटं नाही. पण त्याचा अर्थ काय होतो तो बघा. पोलीस त्रास देतात, म्हणून बाईला खोली नाही. आमचा स्टाफ भरवशाचा नाही, म्हणून बाईला खोली नाही. दोष पोलिसांचा आणि स्टाफचा, शिक्षा मात्र बाईला. मामूंना मी विचारलं, कुटुंबवाल्यांच्या दारावर टकटक झाली तर जबाब कोण देतं? ते हसले आणि चहा मागवला.

आणि हो, भावाला बरोबर न्या असा सल्ला देणाऱ्यांसाठी. नेऊन बघितलंय. लग्नानंतर माझं आडनाव वेगळं, भावाचं वेगळं. काउंटरवर म्हणाले, भाऊ-बहीण असल्याचा पुरावा दाखवा. एकटी असले तर बरोबर कोण नाही म्हणून अडचण, बरोबर कोणी असलं तर तो कोण म्हणून अडचण. शेवटी दोन खोल्या घ्याव्या लागल्या. मी दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला चालले होते. भत्त्यात एक खोलीसुद्धा धड बसत नाही.

कायदा काय म्हणतो? संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाचा दुसरा भाग शाळेत पाठ करून घेतात, पण वाचत कुणी नाही. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या जागा यांत प्रवेश देताना धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कुणाला अडवता येणार नाही. इथं मौलिक हक्क फक्त सरकारला नाही, तर दुकानदाराला आणि हॉटेलवाल्यालाही बांधतो. 'सिंगल लेडीज नॉट अलाउड' ही पाटी म्हणजे त्या अनुच्छेदातल्या 'लिंग' या शब्दाला फासलेलं काळं आहे. एकट्या पुरुषाला हॉटेल देतं आणि एकट्या बाईला देत नाही, तेव्हा त्याला दुसरं नाव नाही. 'लोकल आयडी'चं थोडं वेगळं आहे. राहण्याचा पत्ता आणि जन्मस्थान एक नव्हे, त्यामुळे वकील तिथं पळवाट काढतील. पण लोकल माणसाला खोली देऊ नका असा कायदा मला कुणी आजवर दाखवलेला नाही. 'पोलिसांचा नियम आहे' असं म्हणणाऱ्या प्रत्येक मॅनेजरला मी तो लेखी मागते. लेखी कधी मिळत नाही.

शिवाय १८६७ चा सराई कायदा आहे. इंग्रजांनी केला. प्रवाशांना उतरायला दिलेली जागा मॅजिस्ट्रेटकडे नोंदवायची, ती स्वच्छ ठेवायची, अशी त्याची रचना. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात तर धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना हे तिन्ही शब्द इंग्रजी मजकुरात जसेच्या तसे आहेत. अस्पृश्यतेच्या कारणावरून तिथं कुणाला अडवलं तर तो गुन्हा. दिल्लीतल्या कायदा करणाऱ्यांना इंग्रजी शब्द सापडला नाही म्हणून नव्हे, तर या देशात माणसाला रस्त्यावर ठेवण्याचा उद्योग नेमका कुठं चालतो हे त्यांना पक्कं माहीत होतं म्हणून.

त्यांना ते कुणी शिकवलं? डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर हजर व्हायला गेले. कोलंबियात शिकलेला माणूस, बडोदा संस्थानचा अधिकारी, आणि स्टेशनवर उतरल्यावर त्यांच्यापुढे प्रश्न होता, रात्र काढायची कुठं? हिंदू हॉटेल घेणार नाही. शेवटी एका पारशी सराईत गेले. तीही पारशांसाठीच. मग सांभाळणाऱ्याशी ठरवून रजिस्टरमध्ये पारशी नाव लिहिलं आणि वरच्या मजल्यावरच्या एका काळोख्या खोलीत एकटे राहिले. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले आणि त्यांना बाहेर काढलं. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी विचारून बघितलं, दोघांनी टाळलं. रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी बागेत काढला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या छोट्या आत्मकथनात हे सगळं आहे. मी दर वर्षी नववीच्या वर्गात सांगते. मुलं विचारतात, टीचर, त्यांच्याकडे पैसे नव्हते का? होते. पैसे होते, पदवी होती, नोकरी होती. नाव चुकीचं होतं.

नावाचं आलंय तर बोलूनच टाकते. माझ्या बाबतीत 'एकटी बाई' आणि 'हे असलं नाव' यातलं कुठलं कारण कुठं चाललं, हे मला कधीच कळत नाही. कळू नये अशीच व्यवस्था आहे. फोनवर खोली असते. "नाव सांगा" म्हटल्यावर मी नाव सांगते आणि दोन सेकंद शांतता असते. मग, "थांबा हं, बघून सांगतो." आमच्या ओळखीतले काही तरुण ऑनलाइन बुकिंग मित्राच्या नावानं करतात आणि काउंटरवर मित्र 'नंतर येतोय' म्हणतात. बडोद्याच्या रजिस्टरनंतर शंभराहून जास्त वर्षं गेली, आणि आपण अजून दुसऱ्याच्या नावानं रात्र काढतोय. मी ते करत नाही. मी खरं नाव सांगते आणि दोन सेकंदांची शांतता ऐकते. ऐकवणाऱ्यालाही ती ऐकू यावी असं मला वाटतं.

आता सोलापूरकरांनी अभिमानानं ऐकावं असं एक. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं ४ जानेवारी १९२५ रोजी हायस्कुलात शिकणाऱ्या अस्पृश्य मुलांसाठी वसतिगृह उघडलं ते सोलापुरात. मुलांचं राहणं, जेवण, कपडे, वह्या-पुस्तकं सगळं सभेनं उचललं, आणि सोलापूर नगरपालिकेनं त्याला महिना चाळीस रुपयांचं अनुदान दिलं. १९२५ साली, गुलामीच्या काळात, आपल्या नगरपालिकेला हे कळत होतं की गावाबाहेरून आलेल्या मुलाला शहरात खाट मिळाली तरच शाळेचं दार त्याच्यासाठी उघडं असतं. खाट नाही तर शाळाही नाही. आज महापालिका आहे, बजेट कोटींत आहे.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी हेच त्याआधी केलं. १९०१ पासून एकामागून एक बोर्डिंगं निघाली, मराठ्यांचं, जैनांचं, लिंगायतांचं. मुस्लिम बोर्डिंगच्या कामाची सुरुवात १९०६ ची, आणि त्या संस्थेचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतलं होतं. शिक्षणाच्या प्रसाराबद्दल आपण पुष्कळ बोलतो, पण त्यातली निम्मी लढाई झोपण्याच्या जागेची होती हे विसरतो.

आणि गाडगेबाबा. आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात. वारीला लाखो लोक यायचे, आणि त्या विठोबाच्या गावात धर्मशाळासुद्धा जातीजातींच्या. अस्पृश्य वारकऱ्यानं चंद्रभागेच्या वाळवंटात झोपायचं. अक्षर न वाचता येणाऱ्या या माणसानं तिथं चोखामेळा धर्मशाळा बांधली, आणि पुढं १९४९ साली ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. बाबांनी देऊळ बांधलं नाही, धर्मशाळा बांधल्या. आजसुद्धा मुंबईत टाटा हॉस्पिटलला कॅन्सरच्या उपचारासाठी गेलेले सोलापूरकर दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत उतरतात. आमच्या गल्लीतलं एक कुटुंब तिथं राहून आलं. त्यांना तिथं जात-धर्म विचारला गेला नाही, हॉस्पिटलचा कागद तेवढा बघितला.

इथवर वाचून आमचे काही भाई खूश झाले असतील. थोडं त्यांच्याकडेही येते.

मुसाफिराचा आमच्या दीनमध्ये काय दर्जा आहे, हे मशिदीत दर रमजानला ऐकतो आपण. जकात ज्या आठ प्रकारच्या लोकांना देता येते त्यांत मुसाफिर आहे. घरी तो श्रीमंत असेल, तरी प्रवासात अडला असेल तर त्याचा हक्क आहे. त्यात तो पुरुषच हवा अशी अट नाही. आपल्या पूर्वजांना हे कळत होतं म्हणून गावोगाव मुसाफिरखाने होते. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना बघा. बोटीनं हजला जाणारे लोक देशभरातून येऊन तिथं उतरायचे. १९९५ ला बोटी बंद झाल्या, पण इमारतीचं नाव अजून लोकांच्या तोंडी आहे.

आणि आज? एका शहरात मी आपल्याच लोकांच्या मुसाफिरखान्यात गेले. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, तोंडात गोड जबान. "बीबी, आपके साथ कौन हैं?" म्हटलं, कोई नहीं. "मेहरम के बगैर हम कमरा नहीं देते." मी म्हटलं, हुजूर, भारत सरकारनं २०१८ च्या हज धोरणात पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांना चौघींच्या गटात मेहरमशिवाय हजला जायची परवानगी दिली. २०२३ साली तशा चार हजारांहून जास्त बायका मक्केला जाऊन आल्या. मक्केला चालतं आणि तुमच्या दुसऱ्या मजल्यावर चालत नाही? त्यांनी वर पंख्याकडे बघितलं. खोली मिळाली नाही ती नाहीच.

आमच्या अम्मीसुद्धा त्यातल्याच. मी बॅग भरायला घेतली की सुरू, "अकेली कायकू जाती गे? भाई कू लेके जा." अम्मीला मी समजू शकते, तिची भीती प्रेमातून येते. मुसाफिरखान्याच्या ट्रस्टींची कशातून येते? समाजाच्या चंद्यातून उभ्या राहिलेल्या इमारतीत समाजातल्या निम्म्या लोकांना एकटं असताना दार बंद, आणि जलशात मात्र मुलींच्या तालीमवर दोन-दोन तास तकरीर. आपल्या मुली आता नीट देतात, डीएड-बीएड करतात, टीईटी देतात. त्यांची केंद्रं पुण्यात, लातुरात, सोलापुरात पडतात. प्रत्येकीबरोबर एक मेहरम पाठवायचा तर त्याचा दिवसाचा रोजगार बुडतो, दोन तिकिटं, दोन जेवणं. आमच्या भागात यंत्रमागावर आणि गॅरेजमध्ये काम करणाऱ्या बापाला हा खर्च परवडत नाही. मग तो सोपा रस्ता काढतो, परीक्षाच राहू दे.

हिंदू भावांनीही इतक्यात हसू नये. कितीतरी भक्तनिवासांत 'एकट्या व्यक्तीस खोली मिळणार नाही' ही पाटी आहे. देवाला एकटा भक्त चालतो, ट्रस्टला चालत नाही.

हे असंच असतं, यावर इलाज नाही, असं म्हणणाऱ्यांना मी पुण्यातली गोष्ट सांगते. मराठीत होस्टेल म्हटलं की आपल्याला कॉलेजच्या मुलांचं डोळ्यांपुढे येतं. पण आता मोठ्या शहरांत प्रवाशांची होस्टेलं निघाली आहेत. खोली भाड्यानं घ्यायची नाही, खाट घ्यायची. मागं एका कार्यशाळेसाठी पुण्यात दोन रात्री राहायचं होतं. माझ्या भाचीनं फोनवरून असल्या एका होस्टेलात खाट घेऊन दिली, रात्रीला सातशे रुपये. मी घाबरतच गेले. आत काउंटरवर पंचवीसेक वर्षांचा पोरगा. आधार कार्ड घेतलं, फोटो काढला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मॅडम, खालची खाट हवी की वरची?"

एवढंच विचारलं त्यानं. गेल्या वीस वर्षांत मला काउंटरवर विचारलेला हा सगळ्यात सभ्य प्रश्न. चव्वेचाळिसाव्या वर्षी गुडघे जसे असतात तसेच माझे आहेत, म्हणून मी खालची घेतली.

फक्त बायकांची खोली, सहा खाटा, एकावर एक दोन अशा. प्रत्येक खाटेला पडदा, डोक्याशी छोटा दिवा, मोबाइल लावायला प्लग. खाली लोखंडी कपाट, कुलूप आपलं आणायचं. खोलीचं दार कार्डानं उघडतं, ते कार्ड त्या सहाजणींकडेच. न्हाणीघर बाहेर, पण स्वच्छ. माझ्या वरच्या खाटेवर लातूरकडची एक मुलगी होती, नर्सच्या नोकरीच्या मुलाखतीला आलेली. समोर एक केरळची, कंपनीत लागलेली, भाड्यानं खोली मिळेपर्यंत आठवडाभर तिथंच. कोपऱ्यात नागपूरच्या बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई, साठी ओलांडलेल्या, एकट्या किल्ले बघत हिंडत होत्या. त्यांच्या गुडघ्यांना काहीच झालेलं नव्हतं, त्या वरच्या खाटेवर चढायच्या. रात्री मी नमाजसाठी जागा शोधत होते. लातूरच्या मुलीनं काही न विचारता आपली बॅग सरकवली आणि दिवा मंद केला. नंतर म्हणाली, "मावशी, सकाळी उठवाल का? मला अलार्मनं जाग येत नाही." फजरला मी तिला उठवलं. तिची मुलाखत नऊला होती, ते तिनं सांगितलंच नव्हतं. बिचारी पाच वाजल्यापासून जागी बसली.

मला सगळ्यात आवडलं ते हे की तिथं एकटं असणं ही अडचण नव्हतीच, सगळेच एकटे होते. लॉजच्या खोलीत एकटी बाई आतून कडी लावून, दाराला खुर्ची टेकवून झोपते. मी झोपलेय तशी. इथं सहाजणी होत्या म्हणून दाराकडे कान लावावा लागला नाही. मामूंच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. एकट्या बाईची जबाबदारी कोण घेणार? आणखी पाच एकट्या बाया घेतात. कुणी आजारी पडली, रात्रभर रडत बसली, तर पाचजणींना कळतं. बंद खोलीत कुणालाच कळत नाही.

पण कौतुक पुरे. त्याच होस्टेलच्या भिंतीवर पाटी होती, 'पुण्याचा पत्ता असलेलं ओळखपत्र चालणार नाही.' आणि खाली वयाची अट. माझं वय त्या अटीत कसंबसं बसत होतं, निवृत्त बाईंना कसं घेतलं हे त्या पोरालाच माहीत. म्हणजे रोग तोच, कपडे नवे. बाहेरगावचा तरुण हवा, पैसे खर्च करणारा. शहरातली घर सोडलेली बाई नको. धंद्यावर सोडलं की हेच होणार. म्हणून हे काम महापालिकेचं आहे.

प्रवाशांच्या होस्टेलची कल्पना निघाली तीही एका शाळामास्तराच्या डोक्यातून. जर्मनीतला रिचर्ड शिरमन. १९०९ साली मुलांना पायी सहलीवर घेऊन निघाला असताना वादळपावसात सापडला, आणि एका गावातल्या शाळेच्या इमारतीत पेंढ्यावर मुलांना झोपवलं. सुट्टीत शाळा रिकाम्या असतात, मग तिथं खाटा का टाकू नयेत? १९१२ साली आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं युवा वसतिगृह उभं राहिलं. किल्ला आपल्याकडेही आहे. तिथं खाटा टाका म्हणत नाही मी, पुरातत्त्ववाले धावून येतील. पण सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळा आपल्याकडेही आहेत, आणि विद्यार्थी घटल्यामुळे तर वर्षभर रिकाम्या असलेल्या खोल्याही आहेत. २०२४ च्या पोलीस भरतीला मुंबईत आलेली गावाकडची पोरं भर पावसात फुटपाथवर आणि पुलाखाली झोपल्याच्या बातम्या आपण वाचल्या. सकाळी त्यांना धावायचं होतं. त्या शहरात महापालिकेच्या किती शाळा असतील?

सोलापूरला हे जमणार नाही असं कुणी सांगू नये. २८ जानेवारी २०१६ ला स्मार्ट सिटीची पहिली वीस शहरांची यादी लागली त्यात आपण नववे होतो. रस्ते खोदले, पुन्हा खोदले, दिवे लागले. कुंभारीच्या माळावर विडी कामगारांसाठी आणि असंघटित कष्टकऱ्यांसाठी तीस हजार घरांचा रे नगर प्रकल्प उभा राहतो, त्यातली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. तीस हजार घरांची हिंमत करणाऱ्या शहराला तीस खाटा जड आहेत? आपल्या विद्यापीठाला २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव आहे. काशीपासून रामेश्वरपर्यंत ज्या बाईनं धर्मशाळा, विहिरी, घाट बांधले, तिचं नाव. नवऱ्यामागं, सासऱ्यामागं एकटीनं राज्य केलेली बाई. तिच्या नावाच्या विद्यापीठात परीक्षेला येणारी एकटी मुलगी स्टँडच्या बाकड्यावर बसते. २०२५ साली त्यांची त्रिशताब्दी झाली तेव्हा पुतळ्याला हार घालणाऱ्यांची रांग होती.

मागणी लिहून ठेवते, म्हणजे कुणी म्हणू नये की नुसती ओरडते. एसटी स्टँड आणि स्टेशन यांच्यापासून रिक्षाच्या कमीत कमी भाड्यात पोचेल अशा ठिकाणी महापालिकेची एक रिकामी शाळा. वरचा मजला बायकांसाठी, खालचा पुरुषांसाठी, जिने वेगळे. सुरुवातीला तीस खाटा. रात्री काउंटरवर बाई असलीच पाहिजे, बचत गटाला चालवायला दिलं तर शहरात अशा बायका कमी नाहीत. भाडं दोनशे रुपये, परीक्षेचं हॉल तिकीट दाखवलं किंवा सिव्हिलचा केस पेपर दाखवला तर पन्नास. ओळखपत्र कुठल्याही पत्त्याचं चालेल, सोलापूर शहराचंसुद्धा. वयाची अट नाही. सलग सात रात्रींपेक्षा जास्त नाही, म्हणजे कुणी कायमचं ठाण मांडणार नाही. पोलिसांना रोजची यादी द्यायची, ती आजही लॉजवाले देतातच. जेवण नको, पण पाणी आणि सकाळचा चहा.

या मजकुराचं निवेदन मी आणि आमच्या शाळेतल्या दोन सहकारी शिक्षिकांनी तयार केलं आहे. आयुक्तांच्या नावानं एक प्रत, विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला एक. आणि तिसरी प्रत त्या मुसाफिरखान्याच्या ट्रस्टला रजिस्टर्ड पोस्टानं जाईल, उर्दूतून. आतापर्यंत एकशे बारा सह्या झाल्यात, त्यातल्या नऊ लॉजवाल्यांच्या आहेत. पहिली सही मामूंची.